‘ट’ला ‘ट’, डब्लिनचा हेल आणि बाजूला ठेवलेलं रेकॉर्डिंग

पहिला अल्बम गाजलेला. दुसऱ्याचं काम लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेलं. गाणी हातात आहेत, स्टुडिओचं मीटर चालू आहे. झालेलं काम ऐकताना मात्र पाच जणांच्या बँडला वाटतं, हे काही आपलं नाही. फार गुळगुळीत झालंय. मग ते सगळं बाजूला ठेवून मंडळी लंडनला येतात, पहिला अल्बम ज्याच्याकडे केला त्याच निर्मात्याचं दार ठोठावतात आणि तीच गाणी पुन्हा वाजवायला बसतात.

ही डब्लिनच्या ‘फॉन्टेन्स डी.सी.’ची गोष्ट. त्यांचे पुरस्कार, नामांकनं, वर्षअखेरच्या याद्या यांवर भरपूर लिहून झालंय. मला रस आहे तो या परत फिरण्यात. विशी नुकतीच ओलांडलेली पोरं हातातलं महागडं काम मोडतात, तेव्हा त्यांच्या मनात आपल्या आवाजाविषयी काहीतरी पक्कं बसलेलं असतं. ते काय होतं, कुठून आलं आणि पुढे त्याचं काय झालं, एवढाच या प्रकरणाचा आवाका.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. गाणं लिहिणं हे एक काम आणि ते लोकांपुढे वाजवणं हे दुसरं, अशी वाटणी आपण करतो. या बँडकडे ती वाटणी नव्हती. वाजवणं हेच त्यांच्या लिहिण्याचं शेवटचं संपादन होतं, आणि लॉस एंजेलिसमध्ये नेमकं तेच निसटलं.

माणसं आणि मोहल्ला

गायक ग्रीअन चॅटन, गिटारवर कार्लोस ओ’कॉनेल आणि कॉनर कर्ली, बेसवर कॉनर डीगन, ड्रमवर टॉम कोल. ‘डब्लिनचा आवाज’ म्हणून ज्यांची ओळख झाली त्या पाचांत खुद्द डब्लिन शहरातला म्हणावा असा जवळजवळ कोणीच नाही. चॅटन वाढला तो शहराच्या उत्तरेला, समुद्रकाठच्या स्केरीज गावात. डीगन आणि कोल पश्चिमेकडच्या मेयो परगण्यातले, कर्ली सीमेलगतच्या मॉनहनचा, आणि ओ’कॉनेल तर माद्रिदचा. आपली मुंबईही बऱ्याचदा बाहेरून आलेल्यांनीच लिहिलेली आहे, त्यामुळे मराठी वाचकाला यात नवल वाटू नये.

हे भेटले ते ‘बिम’ या आधुनिक संगीत शिकवणाऱ्या कॉलेजात, लिबर्टीज भागात. या मोहल्ल्याचं नावच इतिहासातून आलेलं. मध्ययुगात हा भाग शहराच्या तटाबाहेर होता, शहराचा कारभार इथे चालत नसे, म्हणून ‘लिबर्टीज’. पुढे इथे विणकर आले, चामडं कमावणारे आले, दारू गाळणारे आले. 1759 साली आर्थर गिनेसने इथेच सेंट जेम्स गेटपाशी जागा भाड्याने घेतली, मुदत 9000 वर्षं. भाडेकरूंच्या कहाण्या पुण्यामुंबईतही आहेत, पण नऊ हजार वर्षांचा करार आपल्याकडच्या पागडीवाल्यांनाही सुचला नसेल.

ही पोरं तिथे पोचली तोवर मोहल्ला बदलायला लागला होता. पर्यटकांसाठी व्हिस्कीच्या भट्ट्या, महागडी विद्यार्थी वसतिगृहं, हॉटेलं, आणि चढत चाललेली घरभाडी. पण जुने पब होते, रस्त्यावर ओरडून माल विकणाऱ्या बाया होत्या, आणि कोणाचंही काहीही ऐकून न घेणारे म्हातारे होते. दिवसा कॉलेज, संध्याकाळी पब. तिथे हे एकमेकांना कविता वाचून दाखवायचे. जॉइस, येट्स, कॅव्हनॉ हे घरचे, आणि केरुआक, गिन्सबर्ग हे अमेरिकेचे. अल्बमचा पत्ता नसताना त्यांनी मिळून कवितांच्या दोन छोट्या पुस्तिका काढल्या, ‘व्रूम’ आणि ‘वाइंडिंग’. पहिली अमेरिकी बीट कवींच्या वळणाची, दुसरी आयरिश कवींच्या.

नावाचंही सांगून टाकू, पुढे उपयोगी पडेल. ‘फॉन्टेन’ आलं ‘गॉडफादर’मधल्या जॉनी फॉन्टेन या गायकावरून. पण त्या नावाचा एक बँड आधीच होता, म्हणून मागे डब्लिन सिटीची आद्याक्षरं जोडली. तो आधीचा बँड होता लॉस एंजेलिसचा.

‘ट’ला ‘ट’

पहिल्या अल्बमचं नाव ‘डॉगरल’. इंग्रजीत हा शब्द शिवीसारखाच वापरतात. ज्या पद्याला छंदाची शिस्त नाही, यमक ओढूनताणून आणलंय, आशय बाजारातला आहे, ते डॉगरल. मराठीत आपण म्हणतो तसं ‘ट’ला ‘ट’. पण आयर्लंडमध्ये या ‘ट’ला ‘ट’ची एक जिवंत परंपरा आहे. फाशी गेलेल्या क्रांतिकारकाचं गाणं, घरमालकाची टिंगल, दारुड्याचं कवन, हे सगळं एका पानावर छापून रस्त्यात विकलं जाई आणि पबमध्ये गायलं जाई. पुस्तिका काढून बसलेल्या कवींनी अल्बमला हे नाव देणं म्हणजे आपण कुठल्या बाकावर बसणार ते जाहीर करणं. पुढच्या बाकावर जागा होती, ती त्यांनी घेतली नाही.

या नावात मराठी कानाला एक गंमत दिसते. डब्लिनच्या बोलीत इंग्रजी ‘थ’चा बऱ्याचदा ‘ट’ होतो, ‘थ्री’चं ‘ट्री’ होतं. चॅटन गातो ते याच हेलात. आज ते साहजिक वाटतं, पण रॉक गाताना बहुतेक जगाची जीभ आपोआप अमेरिकेकडे वळते. आपल्याकडच्या कॉलेज बँडमधला मुलगा बोलताना अस्सल कोथरूडचा असतो आणि माइक हातात आला की टेक्सासचा होतो. आयर्लंडमध्येही वेगळं नव्हतं. डब्लिनचाच ‘गर्ल बँड’ हा आधीच्या फळीतला गट (त्यात मुलगी एकही नाही, पुढे त्यांनी नावही बदललं) आपल्या उच्चारात गाऊन मोकळा झाला होता. त्या वाटेवरून आपल्याला जाता आलं, हे फॉन्टेन्सच्या मंडळींनी मोकळेपणाने कबूल केलंय.

हेल हा केवळ अस्मितेचा मामला नाही, त्याचा थेट संबंध चालीशी आहे. बोलीतले आघात कुठे पडतात, स्वर किती लांबतात, वाक्याच्या शेवटी आवाज चढतो की उतरतो, यावरून ओळीची लय ठरते. चॅटनच्या गाण्यांत सुरावट अगदी मोजकी असते. तो निम्मा बोलतो, निम्मा गातो. त्याची ओळ अमेरिकी उच्चारात म्हणून पाहिली तर ती ठेक्यावर बसतच नाही, जोडाक्षरं मोकळी पडतात. म्हणजे शब्द आधी, शब्दांचा उच्चार त्याच्यासोबत, आणि त्या उच्चारातून ठेका. बाकी चौघं त्या ठेक्याभोवती वाजवतात. आणि गाण्याचं श्रेय पाचांच्या नावावर जातं. शब्द एकाचे, संगीत दुसऱ्याचं अशी फोड नाही. कागदावर ही बारीक गोष्ट वाटेल, पण श्रेयाच्या आणि रॉयल्टीच्या वाटणीवरून किती गट फुटले याची मोजदाद नाही.

एक ओळ, पुन्हा तीच ओळ

‘हरिकेन लाफ्टर’ हे सुरुवातीच्या दिवसांतलं गाणं घेऊ. बेसचा एकच तुकडा गाणंभर गिरणीच्या पट्ट्यासारखा फिरत राहतो. ड्रम त्याला धरून. गिटारी आत येतात त्या सूर वाजवायला कमी आणि घासायला जास्त. वर चॅटन एकामागून एक चित्रं फेकत जातो, त्यांचा एकमेकींशी संबंध लावायला वेळच मिळत नाही. आणि मग एक ओळ येते, फोन किंवा वायफायवर दिसणाऱ्या कोरड्या सूचनेसारखी: जोडणी उपलब्ध नाही. ती पुन्हा येते. परत येते. तिसऱ्या-चौथ्या वेळेपर्यंत ती तांत्रिक सूचना राहिलेली नसते, कोणाची तरी तक्रार झालेली असते. आणखी पुढे गेल्यावर ती तक्रारही राहत नाही, नुसता आवाज उरतो आणि मागे गिटारी चढत जातात.

हे कागदावर लिहून होत नाही. कागदावर ती एकच ओळ आहे, पुढे फार तर ‘पुन्हा’ असं लिहिता येईल. किती वेळा म्हणायची, कुठल्या वेळेला आवाज फाडायचा, कुठे बाकीच्यांनी तोंड उघडायचं, हे खोलीत समोर चार माणसं उभी असताना ठरतं. पोवाड्यात शाहिरामागे झील धरणारे असतात. ओळ शाहिराची, पण ती गर्दीपर्यंत नेतात ते झीलकरी. फॉन्टेन्सच्या गाण्यांतली पालुपदं मला तशीच वाटतात, झील धरायला जागा ठेवून लिहिलेली. जी ओळ तेवढ्या वेळा ओरडून टिकत नाही ती गाण्यात राहत नाही. पबमधल्या वाचनात जे तरलं ते गाण्यात, आणि गिगमध्ये, म्हणजे लोकांपुढच्या कार्यक्रमात, जे तरलं ते अल्बमात.

सगळीच गाणी अशी नाहीत. ‘बिग’ दोन मिनिटांच्या आत संपतं, लहानशा बालपणातून आलेल्या पोराची मोठं होण्याची फुशारकी आणि पावसातल्या शहरावर सांगितलेला हक्क, एवढाच माल. ‘डब्लिन सिटी स्काय’ तर थेट जुन्या पबमधल्या गाण्यांच्या घरातलं. आणि ‘बॉइज इन द बेटर लँड’मध्ये एक टॅक्सीवाला आहे, ब्रिटिशांच्या नावाने खडे फोडणारा, सिगारेटही फक्त कॅरल्स हा आयरिश ब्रँड ओढणारा. दोन ओळींत माणूस उभा राहतो. गंमत म्हणजे त्या गाण्याचं पालुपद सल्ला देतं: चांगली गाडी घे आणि इथून नीघ. हा सल्ला लक्षात ठेवा.

खोली

पहिला अल्बम केला डॅन कॅरीने, दक्षिण लंडनमधल्या स्ट्रेटम भागातल्या त्याच्या स्टुडिओत. कॅरीचं स्वतःचं ‘स्पीडी वंडरग्राउंड’ नावाचं छोटं लेबल आहे, आणि त्याचे नियम प्रसिद्ध आहेत. एक गाणं एका दिवसात रेकॉर्ड करायचं. खोलीत अंधार, धुराचं यंत्र, लेझरचे दिवे. ऐकायला चाळे वाटतात. पण स्टुडिओत वादकाला सगळ्यात जास्त कशाची भीती वाटत असेल, तर ती स्वतःला वाजवताना पाहण्याची. अंधारात आणि धुरात तो स्वतःलाही दिसत नाही, मग स्टुडिओ विसरून गिग सुरू होतो.

‘डॉगरल’ बराचसा सगळ्यांनी एकत्र वाजवून, टेपवर रेकॉर्ड केलेला आहे. याने काय फरक पडतो ते थोडं उलगडून सांगायला हवं, कारण प्रकरणाची गाठ इथे आहे.

एरवी स्टुडिओत आधी ड्रमवाला कानात मेट्रोनोमची टिकटिक घेऊन एकटा वाजवतो. मग बेस, मग गिटारी, आणि सगळ्यात शेवटी काचेपलीकडे गायक. प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा असतो, त्यामुळे चुकलेली जागा कापून दुसऱ्या टेकमधला तुकडा चिकटवता येतो. पाच जण एका खोलीत वाजवतात तेव्हा ड्रमचा आवाज गायकाच्या माइकमध्ये शिरतो, गिटारचा ड्रमच्या माइकमध्ये. आता गायकाची एक ओळ बदलायची म्हटली तर तिच्याखाली जुन्या टेकमधला ड्रम ऐकू येणार. म्हणजे एकाचं चुकलं तर सगळ्यांचं चुकलं. त्यातून मिळतं काय? गायक चढला की ड्रमवाला त्याच क्षणी चढतो, नंतर अंदाजाने नव्हे. लय मधूनच किंचित पुढे पळते, आणि ती पळतेय हे ऐकणाऱ्याच्या पोटात कळतं, कानाला सांगता येत नसलं तरी.

ज्या बँडची गाणी एकमेकांकडे बघून, एकच ओळ कितीदा म्हणायची ते ठरवत घडली, त्याच्यासाठी पहिली पद्धत म्हणजे ट्रॅकपरत्वे जेवण वाढणं. सगळे पदार्थ तेच, पण भात जेवून झाल्यावर आमटी.

‘डॉगरल’ 12 एप्रिल 2019 रोजी पार्टिझन रेकॉर्ड्सने काढला. ब्रिटनमधल्या मर्क्युरी या अल्बमसाठीच्या पुरस्काराच्या अंतिम यादीत आला, बीबीसीच्या ‘सिक्स म्युझिक’ने त्याला वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरवलं. एवढं पुरे.

स्टेजवरचा अबोला

या काळातल्या कार्यक्रमांच्या चित्रफिती सहज सापडतात. मी त्या बऱ्याच पाहिल्यात, काही नको तितक्या वेळा. सगळ्यांत एक गोष्ट सारखी. चॅटन प्रेक्षकांशी बोलत नाही. ‘कसे आहात मंडळी’ नाही, गाण्यामागची गोष्ट नाही, हात वर करा नाही. गाणं चालू नसतं तेव्हा तो पिंजऱ्यातल्या जनावरासारखा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहतो. मध्येच माइकचा स्टँड घट्ट धरतो, सोडतो, हात झटकतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा उर्मटपणा वाटू शकतो, आणि मला वाटलाही होता.

नंतर ध्यानात आलं की इतके शब्द असलेल्या गाण्यांच्या मध्ये आणखी शब्द घातले तर गाण्यातल्या शब्दांची किंमत उतरेल. बोलणारा गायक दोन गाण्यांच्या मध्ये स्वतःला सैल सोडतो, प्रेक्षकांनाही सोडतो. इथे तो ताण सुटतच नाही. बाकी चौघं आपापल्या जागी बऱ्यापैकी स्थिर, उडी नाही, लोळण नाही. सगळी हालचाल एका माणसात कोंबलेली, आणि ती हालचालही नाचाची नाही, अस्वस्थपणाची.

आता हा अबोला स्वभाव किती आणि ठरवलेला किती, यात मी पडत नाही. चॅटनने स्वतःच्या अस्वस्थतेबद्दल अनेकदा सांगितलंय. मात्र स्टेजवर स्वभाव आणि पद्धत एकमेकांत मुरतात. लाजाळू माणसाने जबरदस्तीने बडबड केली असती तर कार्यक्रम बिघडला असता, हे मात्र नक्की.

गाडीत

आणि मग 2019. अल्बम गाजला की बँड रस्त्यावर येतो, म्हणजे अगदी शब्दशः. युरोप, अमेरिका, महोत्सव, टीव्ही, पुन्हा युरोप. मे महिन्यात ते न्यू यॉर्कला जिमी फॅलनच्या कार्यक्रमात ‘बॉइज इन द बेटर लँड’ वाजवत होते. इथून नीघ, असं सांगणारं गाणं घेऊन ते खरंच निघाले होते, आणि घरी परतायला वेळ नव्हता. उन्हाळ्यात प्रकृतीच्या कारणाने काही महोत्सव रद्द करावे लागले.

थकवा हा अडचणीचा सोपा भाग. अवघड भाग असा की ज्या रस्त्यावरून गाणी येत होती तो रस्ताच गेला. टॅक्सीवाला नाही, पब नाही, म्हातारे नाहीत. समोर व्हॅनची मागची सीट, हॉटेलची खोली, साउंडचेक. आणि त्याच वेळी सगळं जग सांगतंय की तुम्ही डब्लिनचे कवी, अजून थोडं डब्लिन वाढा.

इथे दोन वाटा होत्या. एक, आठवणीतून डब्लिन लिहायचं. पाऊस, पब, पाण्याकाठचे दिवे. खपलं असतं, यात शंका नाही. पण दुरून लिहिलेलं शहर दुकानाच्या काचेत मांडल्यासारखं होतं, आणि शहराचं असं दुकान होण्यावरच तर पहिल्या अल्बमात राग काढलेला. दुसरी वाट, जिथे आहोत तिथलं लिहायचं. जिथे होते ते ठिकाण म्हणजे कुठलंच ठिकाण नव्हतं.

त्यांनी दुसरी धरली. दुसऱ्या अल्बमचं पहिलंच गाणं ‘आय डोन्ट बिलाँग’, मी कोणाचाच नाही. डब्लिनच्या नावावर वाढलेल्या बँडने दार उघडताच हे म्हणणं, याला छाती लागते. रस्त्यात गाडीत वाजत होता तो बीच बॉइज हा अमेरिकी बँड, आणि त्यामुळे नव्या गाण्यांत मागून येणारे मिळालेले आवाज वाढले, चाल संथ झाली. तपशील कमी झाले. टॅक्सीवाल्यासारखी माणसं जवळजवळ नाहीत.

पण पुनरावृत्ती टिकली, उलट तिला आता वेगळं काम मिळालं. ‘अ हिरोज डेथ’ या शीर्षकगीतात (शीर्षकाचे शब्द आयरिश नाटककार ब्रेंडन बिहन यांच्या नाटकातले) एका मागोमाग एक उपदेश येतात, आईवर माया कर, लोकांशी नीट वाग, अशा धाटणीचे. आणि मध्ये मध्ये एकच वाक्य: आयुष्य काही नेहमीच रिकामं नसतं. पहिल्यांदा ते ऐकून बरं वाटतं. पाचव्यांदा ते जाहिरातीसारखं वाटतं. दहाव्यांदा शंका येते, की हा माणूस आपल्याला समजावतोय की स्वतःला? आणि शेवटाकडे तेच वाक्य जवळपास धमकी होतं. शब्द एकही बदललेला नाही. लोकांपुढे ओरडताना शिकलेली युक्ती होती ती. फक्त आधी ती गर्दीला बरोबर घ्यायला वापरली होती, आता एकटेपणा दाखवायला.

आता सुरुवातीला सांगितलेल्या निर्णयाकडे परत येता येईल. हे वाक्य दहाव्या वेळी वेगळं वाटायचं असेल तर वाजवणाऱ्यांच्या हातातही दहाव्या वेळचा शीण आणि चीड हवी. साफसूफ केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये पहिलं आणि दहावं सारखंच झळकतं, आणि मग गाण्याचा अर्थच उलटतो. पुनरावृत्ती खरोखरच जाहिरात होऊन बसते. लॉस एंजेलिसमध्ये नेमकं कुठलं बटण फिरलं हे मी सांगू शकत नाही, पण गुळगुळीतपणा या बँडला सगळ्यांत जास्त कुठे चावला असता ते या गाण्यावरून दिसतं. पुन्हा कॅरीची खोली, पुन्हा पाच जण एकमेकांसमोर.

अल्बम आला 31 जुलै 2020 ला, जगाला कुलूप लागलेलं असताना. ब्रिटनच्या खपाच्या यादीत दुसरा. पहिल्या जागी टेलर स्विफ्ट होती, त्यामुळे दुःख मानायचं कारण नव्हतं. ग्रॅमीचं नामांकनही मिळालं. फक्त वाजवायला जागा नव्हती.

किल्मेनम

वाजवणं हेच ज्यांचं संपादन, त्यांना प्रेक्षकच नाहीत. त्या वर्षी आयरिश दूरचित्रवाणीवरच्या ‘अदर व्हॉइसेस’ या मालिकेसाठी त्यांनी डब्लिनच्या किल्मेनम तुरुंगात वाजवलं. आयरिश माणसाला या जागेबद्दल सांगावं लागत नाही. 1916 च्या ईस्टर उठावाच्या चौदा नेत्यांना मे महिन्यात इथल्याच दगडफोडीच्या अंगणात गोळ्या घातल्या गेल्या. आज तिथे संग्रहालय आहे.

वाजवलं ते तुरुंगाच्या पूर्वेकडच्या दालनात. वर काचेचं छप्पर, लंबगोल मोकळी जागा, भोवती मजल्यांवर मजले कोठड्यांची दारं, मधोमध लोखंडी जिना. एका जागी उभं राहून सगळ्या कैद्यांवर नजर ठेवता यावी अशी ही रचना. दारं सगळी बंद, माणूस एकही नाही. त्यात पाच जण. अशा जागेत आवाज भिंतींवरून परत येतो, ठेक्याच्या मागून येतो. जो आवाज एरवी गर्दी खाऊन टाकते तो इथे कोणीच खात नाही. आणि चॅटन तसाच चालतोय, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बघायला कोणी नसताना. तो कार्यक्रमासाठी चालतो ही माझी शंका त्या दिवशी मिटली. पुढच्या वर्षी या मैफलीची तबकडीही निघाली.

दोन आक्षेप

इथवर वाचून कोणी म्हणेल की एवढं कौतुक नको, आणि ते बरोबर आहे. पहिला आक्षेप: ही काही रस्त्यावरून उचललेली पोरं नव्हेत. संगीत कॉलेजात शिकलेली आहेत, बँड म्हणजे काय, लेबल म्हणजे काय, हे त्यांना माहीत होतं. त्यांचा खडबडीतपणा निवडलेला आहे. मान्य. पण लॉस एंजेलिसचा किस्सा मला महत्त्वाचा वाटतो तो याचसाठी. न येणाऱ्याचा खडबडीतपणा आणि येत असून धरलेला खडबडीतपणा यांत फरक आहे, आणि दुसऱ्याची किंमत मोजावी लागते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार. पुनरावृत्ती ही युक्ती आहे आणि युक्ती वापरून झिजते. दुसऱ्या अल्बमात अशी गाणी आहेत जिथे ओळ फिरत राहते पण तिचं काही होत नाही. ‘डॉगरल’वर जीव लावलेल्या बऱ्याच जणांना तो अल्बम कोरडा वाटला, आणि त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. माणसं गेली, टॅक्सीवाला गेला, याची हुरहुर मलाही आहे.

लंडनहून

तोवर मंडळी बरीचशी लंडनला राहायला आली होती. इंग्लंडमध्ये राहून आयरिश असणं हा तिसऱ्या अल्बमचा विषय. ‘स्किंटी फिया’ हे नाव टॉम कोलच्या घरातल्या एका म्हातारीच्या तोंडची आयरिश शिवी आहे, अर्थ साधारण हरणाचा सत्यानाश. पहिल्या गाण्यामागचा प्रसंग असा: कॉव्हेंट्रीजवळच्या एका दफनभूमीत एका आयरिश कुटुंबाला आईच्या थडग्यावर ‘आमच्या हृदयात सदैव’ हे शब्द आयरिश भाषेत कोरायचे होते. चर्चच्या न्यायालयाने मे 2020 मध्ये भाषांतराशिवाय परवानगी नाकारली, कोणाला ते राजकीय विधान वाटेल म्हणून. फेब्रुवारी 2021 मध्ये अपिलात तो निकाल फिरला. गाण्यात तेच शब्द आयरिशमध्ये, अनेक आवाजांत, पुन्हा पुन्हा. ठेका उशिरा येतो. भाषांतर अर्थातच नाही. आणि याच अल्बमात एक गाणं आहे ज्यात पाच जणांच्या बँडमधलं फक्त एक अकॉर्डियन आणि चॅटनचा आवाज उरतो, समोरच्या घरातलं भांडणारं जोडपं खिडकीतून ऐकत बसलेला. अल्बम एप्रिल 2022 मध्ये ब्रिटन आणि आयर्लंड दोन्हीकडे पहिला आला.

ऑगस्ट 2024 मधल्या ‘रोमान्स’साठी त्यांनी लेबलही बदललं आणि निर्माताही; कॅरीच्या जागी जेम्स फोर्ड. कपडे भडक झाले, आवाज मोठा आणि चकचकीत झाला. जो गुळगुळीतपणा पाच वर्षांपूर्वी नाकारला तोच मागच्या दाराने आला का, असा प्रश्न मला पडला होता. मग ‘स्टारबर्स्टर’ ऐकलं. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनात चॅटनला अचानक धाप लागून घाबरं झालं होतं, त्यातून हे गाणं निघालं. शब्दांची सरबत्ती, रॅपच्या जवळ जाणारी, आणि तिच्या टोकाला एक मोठ्याने आत ओढलेला श्वास. गायकाचा श्वास ही स्टुडिओतली सगळ्यांत आधी कापली जाणारी गोष्ट. इंजिनिअर ती जागा शोधून शांत करून टाकतो. इथे तोच श्वास गाण्याचं पालुपद आहे.

जुलै 2025 मध्ये लंडनच्या फिन्सबरी पार्कमध्ये त्यांनी हजारोंपुढे वाजवलं. एवढ्या मोठ्या मैदानात हे गाणं लागतं तेव्हा ती जागा आली की पुढच्या रांगा चॅटनबरोबर एकदम श्वास आत ओढतात. झील धरल्यासारख्या.